टेकूतात्या आणि अर्धा आटा

टेकूतात्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली, की ते आधी खात नसत, तोलत. डाव्या हाताची तीन बोटं बशीखाली जायची, बशी जराशी इकडे, जराशी तिकडे सरकायची, आणि मग अशी स्थिर व्हायची की तिच्यावरची लिंबाची फोडसुद्धा हलत नसे. मग समाधानानं मान हलवून पहिला घास. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी ठेवणीतल्या काचेच्या बश्या गुपचूप आत नेल्या आणि पुढचे पोहे स्टीलच्या ताटलीत आणून दिले. तात्यांच्या ते लक्षात आलं. "बरं केलं," म्हणाले. "काचंचं भ्या वाटायच पायजे माणसाला."

टेकूतात्या हे नाव आमच्या टोळक्यानं ठेवलेलं. टोळकं म्हणजे बारामतीतली आम्ही सहा-सात माणसं, घरच्या घरी दुर्बीण बनवायचं खूळ डोक्यात घेतलेली. मी त्यातली बाई. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, तोंडानं फटकळ आहे, आणि चूक झाली की कबूल करण्याआधी इकडंतिकडं बघायची मला वाईट खोड आहे. ही खोड आधीच सांगून ठेवते, कारण तात्यांबद्दल लिहायला बसलं की तिच्यापाशी यावंच लागतं. नुसतं गोड गोड लिहून मोकळी झाले असते, पण ते तोंड मला नाही.

तात्या वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर होते. उभी हयात तिथंच गेली. निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला, आपल्या गावी येऊन राहिले. धाकटे भाऊ डाळिंबाची बाग बघायचे, आणि बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत तात्या लोखंड घट्ट पकडायची आपली व्हाइस, कानशी आणि एक म्हातारं ड्रिल मशीन मांडून बसायचे. गावात कुणाच्या फवारणीच्या पंपानं मान टाकली की तो तात्यांकडे. "चुकल्याला जॉब भायेर जाता कामा न्हाय," हे त्यांचं कारखान्यातलं वाक्य होतं आणि पंपालाही ते तेवढंच लागू होतं. एकदा दुरुस्त करून दिलेला पंप मनाला पटला नाही म्हणून संध्याकाळी सायकल काढून त्या माणसाच्या रानात जाऊन त्यांनी तो परत आणला होता. तो माणूस म्हणत होता, तात्या, पंप चालतोय की. तात्या म्हणाले, "चालतोय, पर कुरकुरतोय."

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या बारा इंची आरशापायी. आमच्या दुर्बिणीत भिंग नसतं. नळीच्या तळाशी खोलगट आरसा असतो, तोच ताऱ्याचा उजेड गोळा करतो. हा आरसा काचेवर काच घासून हातानं बनवावा लागतो. माझा अकरा महिने चालला होता. कॉलेज, घर, पेपर तपासणी, आणि उरलेल्या वेळात पिंपावर काच ठेवून त्याभोवती गोल फिरत ती घासायची. शेजारणींना वाटायचं मला कुणीतरी नवस सांगितलाय.

पण आरसा झाला म्हणून संपत नाही. काच म्हणजे दगडासारखी कडक असं आपण समजतो. तशी ती नसते. पाठीमागून नीट आधार नसेल तर ती स्वतःच्या वजनानं वाकते. केसाच्या जाडीपुढं ते वाकणं कुठंच लागत नाही, पण ताऱ्याचा आकार बिघडायला तेवढं पुरतं. म्हणून आरशाखाली टेकू लागतो, आणि तो टेकू कसा असावा यावर जगभर लोक डोकं फोडत बसलेले आहेत. मी इंटरनेटवरून एक चित्र छापून घेतलं आणि स्कूटरवरून वरकुट्याला गेले. तात्यांनी चष्मा लावून ते उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, "बाई, ह्यात काच बसनार हाय का अडकनार हाय?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी घरातून दुपारची भाकरी मागवली. एका बोटावर धरली, कडा खाली पडल्या. तीन बोटांवर धरली, बोटांच्या मध्ये पोट सुटलं. "आता नऊ बोटं लावा. पर नऊबी बोटांनी सारखाच भार घ्याय पायजे. एखादं बोट आगाव निघालं की भाकरी फाटली." नऊ बोटं सारखी कशी लावायची, तर त्याचं उत्तर तराजूत होतं. तीन-तीन टेकूंचा एक त्रिकोण, असे तीन त्रिकोण, आणि प्रत्येक त्रिकोण पोटाखाली सायकलच्या एका छऱ्यावर ठेवलेला. एकीकडं भार जास्त झाला की त्रिकोण तिकडं कलतो आणि भार आपोआप सारखा वाटला जातो. मला हे पुस्तकातून माहीत होतं, पण इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. ती भाकरी मग आम्ही ठेच्याबरोबर खाल्ली.

नऊ टेकूंच्या जागा काढायला माझ्याकडे कॉम्प्युटर होता. तात्यांकडे पुठ्ठा होता. त्यांनी बारा इंची चकती कापली, मग तिच्यातून मधली चकती अशी कापली की आत एक हिस्सा वजन आणि बाहेरच्या कड्यात दोन हिस्से. कारण आत तीन टेकू आणि बाहेर सहा. हे वजन करायला ते इंदापूरला ओळखीच्या सोनाराकडे गेले. सोनारानं विचारलं, "तात्या, सोनं कुठाय?" तात्या म्हणाले, "वरनं पडनार हाय." असे सात पुठ्ठे वाया गेले, आठवा जमला. मग त्याचे नऊ तुकडे करून प्रत्येक तुकडा पेन्सिलीच्या टोकावर तोलला, आणि जिथं तोललं तिथं खूण केली. मी घरी येऊन कॉम्प्युटरवर ताडून बघितलं. फरक दीड मिलिमीटर. फोन करून सांगितलं तर म्हणाले, "कॉम्प्युटरला म्हनावं, जवळपास हाय तुजं."

टेकूंवर काच टेकायची तिथं त्यांनी घोंगडीचे तुकडे चिकटवले. आणि काच पुढं पडू नये म्हणून कडेला तीन क्लिपा लावल्या. या क्लिपांवर तात्यांचा फार कटाक्ष. क्लिपेनं काचेला शिवायचं नाही. नुसतं हात आडवा धरून उभं राहायचं. क्लिप आणि काच यांच्यामध्ये लग्नपत्रिकेचा कागद अलगद सरकला पाहिजे. पत्रिकेची एक पट्टी कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. कुणाच्या लग्नाची, असं मी विचारलं तर म्हणाले, "काय म्हाईत. जेवन चांगलं हुतं." काम पुरं झालं की ते टेकू उचलून हळूच हलवायचे, आणि आतली काच खुट्ट वाजली की त्यांच्या तोंडावर हसू फुटायचं. "वाजली पायजे, बाई. काच गप बसली की समजायचं तिला कुनीतरी दाबलंय."

माझ्या कॉलेजात एकदा ते टेकूची मापं घ्यायला आले होते. मी वर्गात हजेरी घेत होते, दोन मुलांना उभं केलं होतं आणि माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. तात्या दारात उभे राहून ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरांनाबी पत्रिकेएवढी जागा सोडा की." मी म्हटलं, तात्या, ही पोरं पडतात हो. ते म्हणाले, "पडू द्या थोडी." तेव्हा हसले मी.

माझ्याबरोबरच त्यांनी आणखी तिघांना असेच टेकू करून दिले. सुप्याचे एक औषधदुकानदार, इंदापूरची एक शाळा आणि वालचंदनगरचे त्यांचे एक जुने सहकारी. या तिघांचे आरसे अजून घासून व्हायचे होते, टेकू मात्र तयार. "पोराआधी पाळना आनू न्हाय म्हंत्यात," तात्या म्हणायचे, "काचंचं उलटं हाय." वालचंदनगरच्या सहकाऱ्यांनी तो टेकू दिवाणखान्यात ठेवला होता, आणि आल्यागेल्याला दाखवायचे. तात्यांचा कुठलाही जॉब कारखान्यात कधी परत आला नव्हता, हे ते हमखास सांगायचे. तात्या ते ऐकून खाली बघायचे, पण ऐकायचे मात्र पूर्ण.

माझ्या आरशाला चांदीसारखा मुलामा चढून तो परत आला, आणि दोनच दिवसांनी सुप्याजवळच्या माळावर आम्हा दुर्बीणवाल्यांचा मेळावा होता. पुण्याहून एक जाणते पाहुणे येणार होते. तात्या म्हणाले, आधी घरी एकदा तारा बघू. मी म्हटलं, छे, पहिला तारा तिथंच बघायचा, सगळ्यांसमोर. माझी हौस, दुसरं काय. बारामतीहून छोट्या टेंपोत दुर्बीण चढवली. तात्या पुढं ड्रायव्हरजवळ, मी मागं आरशापाशी. रस्त्याचं काम चालू होतं. प्रत्येक खड्ड्याला माझी अकरा महिन्यांची काच आत खुट्ट वाजायची. तात्यांना जे गाणं वाटायचं, ते ऐकून मी नळीला दोन्ही हातांनी धरून बसले. मोरगावच्या अलीकडे टेंपो चहाला थांबला. तात्या खाली उतरले. मी पर्समधून पेचकस काढला आणि तिन्ही क्लिपांचे स्क्रू अर्धा-अर्धा आटा आवळले. काच गप झाली. माळावर पोचल्यावर सोडू, असं मनाशी म्हटलं आणि चहा प्यायला गेले.

माळावर पोचले आणि विसरले. बायकांच्या ओळखी, पाहुण्यांचं स्वागत, कुणाच्या डब्यातले धपाटे. अंधार पडल्यावर दुर्बीण ब्रह्महृदय ताऱ्यावर लावली. पाहुण्यांनी डोळा लावला, फोकस मागंपुढं करून बघितला, आणि बाजूला झाले. मी बघितलं. तारा तिकोनी दिसत होता. मागून कुणीतरी बघून म्हणालं, "हा तारा आहे का समोसा?" आणि लोक हसले.

"टेकू कुणी केलाय?" पाहुण्यांनी विचारलं.

"म्या," तात्या म्हणाले. ते आधीच पुढं येऊन उभे राहिले होते.

"काच ताणली जातेय कुठंतरी. टेकूचं चुकलंय. आरसा मात्र छान जमलाय हं बाई, आरशात दोष दिसत नाही."

त्याच क्षणी मला ते स्क्रू आठवले. अगदी लख्ख आठवले. तोंड उघडलं होतं मी. पण आरसा छान जमलाय हे शब्द कानात असे शिरले होते, की त्यांच्यावर पाणी ओतायला जीभ वळेना. सांगते, मी तेव्हा खूश झाले होते. टेकूतात्या माझ्यापासून दोन हातांवर मान खाली घालून उभे होते, आणि मी खूश होते. एकदा बोलायची वेळ गेली, की पुढची वेळ जास्तच अवघड होत जाते, हे मी वर्गातल्या मुलांना सतरा वेळा सांगितलेलं आहे. तात्या म्हणाले, "उजाडल्यावर बघतो." बाकीचे दुसऱ्या दुर्बिणींकडे वळले. पाहुणे जेवून पुण्याला निघून गेले.

आणि मग मी ते केलं. पहाटे, तात्या टेंपोत घोंगडी पांघरून झोपलेले असताना, मी दुर्बिणीपाशी गेले आणि तिन्ही स्क्रू अर्धा-अर्धा आटा मागं फिरवले. हात गार पडले होते, पेचकस दोनदा निसटला. कुणी बघत तर नाही ना म्हणून मी टेंपोकडे बघत होते. उजाडल्यावर तात्या आले, खिशातून पत्रिकेची पट्टी काढली, पहिल्या क्लिपेखाली सरकवली. सरकली. दुसरीखाली सरकली. तिसरीखाली सरकली. परत पहिलीपासून बघितलं. मग ते तिथंच मातीत उकिडवे बसले.

"पत्रिका सरकतीया," म्हणाले. "म्हंजी क्लिपा न्हाईत. म्हंजी जागाच चुकल्या. गनित चुकलं माजं."

मी म्हटलं, "राहू द्या ना तात्या, आणखी एकदा बघू की रात्री." ते म्हणाले, "न्हाय. चुकल्याला जॉब भायेर ठिवायचा न्हाय." त्यांनी टेकू उतरवून घेतला, माझी काच माझ्या पदरात दिली आणि वरकुट्याला गेल्यावर त्या दुपारीच नऊ टेकूंचे ते त्रिकोण हॅकसॉच्या करवतीनं कापून टाकले. कुणी उचलून वापरू नये म्हणून.

ते एवढ्यावर थांबले असते तर एक वेळ ठीक होतं. तात्या एसटीनं सुप्याला गेले आणि औषधदुकानदारांचा टेकू परत घेतला. इंदापूरच्या शाळेत गेले, मुख्याध्यापकांची माफी मागून तो परत घेतला. मग वालचंदनगरला गेले. जुने सहकारी म्हणाले, अहो राहू द्या, शोभेला तरी असू दे. तात्यांनी ऐकलं नाही. खताच्या रिकाम्या गोणीत तिन्ही टेकू घालून, ती गोणी मांडीवर घेऊन ते एसटीनं परत आले. ज्या गावात त्यांचा एकही जॉब कधी परत आला नव्हता, तिथून त्यांनी स्वतःचा जॉब स्वतः परत आणला. हे मला दुकानदारांनी फोनवर सांगितलं. "तात्यांचं वय झालं आता," ते म्हणाले. मी "हं" म्हटलं.

त्या महिन्यात मी एकदा वरकुट्याला गेले. सांगायलाच गेले होते. बरोबर अर्धा किलो पेढे घेतले होते, तेही कशाला घेतले होते देव जाणे. मी काही बोलायच्या आत तात्यांनी हात जोडले. "बाई, तुमची अकरा महिन्यांची म्हेनत वाया घालवली म्या. तुमी कायबी बोलला न्हाईत, हा तुमचा मोठेपना." त्यांच्या बायकोनं, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, माझ्यापुढं शिऱ्याची ताटली ठेवली. मी तो शिरा खाल्ला. सगळा खाल्ला. आणि परत आले. असल्या बाईला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे, पण ते छापण्याजोगं नाही.

काकूंचा फोन आला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. आवाज दबलेला होता. "बाई, यांनी व्हाइस काढून दिली हो. गावातल्या वेल्डिंगवाल्याला. कानशीबी दिल्या. पंप घेऊन आलेली मानसं माघारी पाठवत्यात. हात गेला म्हंत्यात माजा, हाताला कळंना झालंय. दिसभर बसून ऱ्हात्यात. तुमचं ऐकत्यात ते, तुमी जरा समजवा." मी फोन ठेवला आणि तशीच स्कूटर काढली. इंदापूर रोडला लागेपर्यंत मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगायचं ठरवलं होतं, आणि तिन्ही तऱ्हांत मी जरा बरी दिसत होते.

तात्या बागेच्या कडेला बसून भावाची डाळिंबं लहानमोठी निवडून क्रेटमध्ये लावत होते. मी बसले नाही. उभ्यानंच म्हटलं, "तात्या, टेकू बरोबर होता. टेंपोत काच वाजत होती म्हणून मी क्लिपा आवळल्या होत्या. तुम्ही चहाला उतरला होता तेव्हा."

त्यांचा हात डाळिंबावर थांबला. "म्हंजी नऊबी जागा बरोबर हुत्या?"

"होय."

"गनित बरोबर हुतं?"

"होय तात्या. माझ्यामुळं झालं सगळं."

माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते उठले, पाय क्रेटला अडखळला, आणि ओरडले, "अगं ए! भायेर ये! टेकू बरोबर हुतं! बाई सांगत्यात!" काकू पिठाच्या हातानंच धावत आल्या. तात्या आपले दोन्ही हात पुढं धरून उलटेसुलटे करून त्यांना दाखवत होते. "हात गेला न्हाय माजा. बग. गेला न्हाय." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं आता तात्या रागावतील, दोन शब्द लावतील, आणि ते मी ऐकून घेईन आणि सुटेन. पण त्यांनी मला खुर्ची दिली आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.

चहा पिताना मात्र त्यांनी मध्येच बशी खाली ठेवली. कपाळाला आठ्या पडल्या. "पर बाई, सकाळी पत्रिका तर सरकत हुती."

ते मला पकडत नव्हते. फिटर होते ते, त्यांना फक्त कोडं सुटायला हवं होतं. आणि खरं सांगते, उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. थंडीनं धातू आकसतो, आपोआप ढिलं पडलं असेल. भौतिकशास्त्राची बाई मी, त्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला असता. पण मी म्हटलं, "मीच ढिल्या केल्या. पहाटे. तुम्ही उठायच्या आधी."

काकू उठून आत गेल्या. मग तात्या म्हणाले, अगदी हळू, समजूत घातल्यासारखं, "आवळलं त्याचं कायबी न्हाय, बाई. अकरा म्हैने घासल्याली काच, वाजली की जीव ऱ्हात न्हाय. एखाद वक्ताला म्याबी आवळलं असतं." क्रेट जवळ ओढलं. "पर ढिलं करताना तुमाला म्हाईत हुतं."

मी कप खाली ठेवला. ते परत डाळिंबं निवडायला लागले.

गोणीतले तिन्ही टेकू मी ज्याचे त्याला नेऊन देते, म्हणजे मला सगळ्यांना खरं सांगता येईल, असं मी निघताना म्हटलं. तात्या म्हणाले, "न्हाय. म्या आनलं, म्याच देनार." आणि दिले. प्रत्येक ठिकाणी त्यांनी काय सांगितलं, ते मला पुन्हा सुप्याच्या दुकानदारांकडूनच कळलं. "माजी तपासनी चुकली हुती," एवढंच. माझं नाव त्यांनी कुठंही काढलं नाही. म्हातारपणी माणूस गोंधळतो, असं लोक म्हणाले आणि हसण्यावारी नेलं. मी त्या दुकानदारांना तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. सांगेन, नीट निवांत सांगेन, असं म्हणत राहिले.

वेल्डिंगवाल्यानं व्हाइस परत दिली. तात्यांनी मला निरोप धाडला, काच घेऊन या. नवा टेकू जुन्याच जागांवर केला होता, एक मिलिमीटरही बदल नाही. दिवेलागणीनंतर बागेच्या बांधावरून बघितलं. तारा मोहरीच्या दाण्यासारखा गोल. तात्यांनी तीनदा बघितला, काकूंना दाखवला, भावाला हाक मारून दाखवला. माझ्याशी बोलत होते, हसत होते, जेवून जा म्हणाले. सगळं पूर्वीसारखं होतं.

घरी आल्यावर काच पुसायला घेतली तेव्हा माझं लक्ष गेलं. क्लिपांच्या तिन्ही स्क्रूंवर एकेक लाल रेघ होती. बारीक, काडीनं ओढलेली, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर आणि अर्धी खालच्या पट्टीवर. कारखान्यात अशी रेघ मारतात, हे मला ठाऊक होतं. तपासून पक्का केलेला स्क्रू मागाहून कुणी जरासा जरी फिरवला, तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकतात आणि कळतं, की इथं हात लागलाय. आधीच्या टेकूवर तात्यांनी ती मारली नव्हती. मी दिव्याखाली बसून त्या तीन रेघांकडे बघत राहिले. काच पुसायची राहूनच गेली.

त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. पुढची तीन-चार वर्षं त्यांनी कितीतरी टेकू केले. फलटणकडचे लोक येऊन घेऊन गेले, पुण्याचे ते पाहुणेही एक घेऊन गेले. प्रत्येकाच्या क्लिपांवर लाल रेघ. मला भेटले की तब्येत विचारायचे, डाळिंबं द्यायचे, नव्या आरशांच्या गप्पा मारायचे. फक्त माझ्या हातात अर्धवट काम त्यांनी पुन्हा कधी दिलं नाही. मी काही धरायला पुढं झाले की म्हणायचे, "असू द्या बाई, म्या करतो."

गेल्या पावसाळ्यात तात्या गेले. दुपारी खोलीत काम करता करता छातीत दुखलं, इंदापूरला नेईपर्यंत संपलं. मी दहाव्याला गेले. वालचंदनगरचे सहकारी तिथं भेटले. म्हणाले, "एवढा चोख माणूस, पण शेवटी शेवटी एकदा घोळ केलाच हो त्यानं. आठवतंय ना तुम्हाला, गोणी घेऊन फिरला होता?" चारचौघांत, दहाव्याच्या मांडवात, काकू तिथं बसलेल्या. मला आठवतंय, असं मी म्हटलं. काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली.

आता इंदापूरला मोटार रिवाइंडिंग करणारा एक जण टेकू बनवतो. तात्यांकडून शिकला, हात चांगला आहे. परवा त्यानं मला दुकानात बोलावलं आणि नवा टेकू दाखवला. अजून घोंगडीचे तुकडे चिकटवायचे होते, आरसा तर यायचाच होता, पण लाल रेघा मारून तयार. "मॅडम, तात्यांची खूण तेवढी सोडली नाही," तो कौतुकानं म्हणाला. "सगळे ओळखतात आता. लाल रेघ म्हणजे तात्या."

ती खूण तात्यांची नाही बाबा, माझी आहे, हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. दुकानात तो होता, त्याची बायको होती, चहा आला होता. दोन मिनिटांचं काम होतं. मी चष्मा लावला, टेकू उचलून उजेडात धरला आणि म्हटलं, "रेघ सरळ आलीय."